झेनमध्ये कोणते इंजिन? कमी खर्चातल्या इंजिनबदलाचा हिशेब

छोट्या हॅचबॅक मोटारीतले थकलेले किंवा अशक्त इंजिन उतरवून तिथे दुसऱ्या मॉडेलचे दमदार इंजिन बसवण्याची हौस जगभर आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकातल्या होंडा सिव्हिक हॅचबॅकमध्ये त्याच कंपनीच्या इंटेग्राचे १.८ लिटर इंजिन बसवले जाते. भारतात हे स्थान मारुती झेनला मिळाले. १९९३ साली बाजारात आलेली आणि २००६ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी हलकी, आटोपशीर आणि वळणांवर चपळ आहे. जुनी असल्यामुळे ती स्वस्तात मिळते, आणि मारुतीच्या इतर गाड्यांची इंजिने भंगार बाजारात सहज सापडतात. त्यामुळे कमी पैशांत वेगवान गाडी करू पाहणाऱ्यांची नजर झेनवर जाते.

मात्र इंजिनबदलाचा निर्णय बहुतेक वेळा उलट्या बाजूने घेतला जातो. आधी अश्वशक्तीचा आकडा आवडतो, मग इंजिन विकत घेतले जाते आणि ते बसवायचे कसे, कागदोपत्री चढवायचे कसे, हे प्रश्न नंतर पडतात. प्रत्यक्षात अशा कामात इंजिनाची किंमत हा खर्चाचा एकच भाग असतो. बाकीचा पैसा माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, रेडिएटर, ब्रेक आणि मजुरीत जातो. म्हणून इंजिन निवडताना ते किती शक्ती देते यापेक्षा आपल्या गाडीत ते किती कमी खटाटोपीत बसते, हा प्रश्न आधी येतो.

मूळ गाडीची कुवत

झेनचे मूळ इंजिन जी-१०बी या नावाने ओळखले जाते. चार सिलिंडर, ७२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ६१ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि ९९३ सीसी क्षमता अशी त्याची मापे आहेत. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असल्यामुळे ते वजनाला हलके आहे. कार्बोरेटर असलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत ते सुमारे ५० बीएचपी शक्ती देत असे. २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, तेव्हा कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेली इंधनप्रणाली आली. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह मिळाले आणि शक्ती सुमारे ६० बीएचपीवर गेली.

बोअरपेक्षा स्ट्रोक लहान असल्यामुळे हे इंजिन फेरे आनंदाने घेते. पण कमी फेऱ्यांवर त्याचा जोर बेताचाच असतो. चार माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन घाट चढताना हा कमीपणा जाणवतो. दुसरीकडे, गाडीचे वजन मॉडेलनुसार साधारण ७३० ते ७६५ किलो असल्यामुळे थोडी शक्ती वाढली तरी फरक मोठा पडतो. कार्बोरेटरच्या झेनमध्ये एका टनामागे सुमारे ६८ बीएचपी येतात. मारुतीच्याच एस्टीमचे ८५ बीएचपी देणारे इंजिन तिच्यात बसवले, तर हाच आकडा ११०च्या आसपास जातो. खुद्द एस्टीममध्ये तो ९७च्या जवळपास असतो, कारण ती गाडी झेनपेक्षा शंभर किलोहून अधिक जड आहे. झेनमधल्या इंजिनबदलाचे सारे आकर्षण या भागाकारात आहे.

आधी दुरुस्तीचा विचार

पिकअप गेलेल्या जुन्या गाडीत दोष दर वेळी इंजिनाच्या आकाराचा नसतो. रिंगा झिजलेल्या असतात, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा साचलेला असतो, क्लच घसरत असतो किंवा ब्रेक चिकटून चाके अडलेली असतात. अशा गाडीची आठवण मनात धरून इंजिन बदलले, तर तुलना चुकीची होते. नव्या इंजिनाची बरोबरी निरोगी जुन्या इंजिनाशी करायला हवी.

म्हणून पहिली पायरी म्हणजे कॉम्प्रेशन तपासणी. चारही सिलिंडरचे दाब एकमेकांच्या जवळपास आले, तर इंजिनात अजून जीव आहे. एखाद्या सिलिंडरचा दाब बराच कमी आला, तर त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा तपासतात. ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर दोष रिंगा आणि बोअरमध्ये असण्याची शक्यता जास्त. वाढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर जातो. रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सील आणि टायमिंग बेल्ट बदलून, गरज असेल तर बोअर करून इंजिन नव्यासारखे करता येते. यात वायरिंगला हात लागत नाही, माउंटिंग तेच राहतात आणि आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, इंजिन क्रमांकही बदलत नाही. रोजच्या वापराच्या गाडीसाठी बहुतेक वेळा हाच मार्ग सर्वांत स्वस्त ठरतो.

इंजिनांची यादी

दुरुस्तीने भागणार नाही असे ठरले, की पर्याय तपासायचे. मारुतीच्या जुन्या पेट्रोल इंजिनांची दोन मोठी घराणी आहेत, एफ आणि जी. घराणे एक असले की ब्लॉकची ठेवण, बोल्टच्या जागा आणि जोडभाग यांत साम्य असण्याची शक्यता वाढते. घराणे बदलले की कटिंग, वेल्डिंग आणि लेथचे काम वाढते.

पहिला पर्याय म्हणजे झेनचेच दुसरे जी-१०बी इंजिन. बंद पडलेल्या किंवा भंगारात निघालेल्या झेनमधून ते मिळते आणि कसलाही बदल न करता बसते. शक्ती वाढत नाही, पण गाडी पूर्ववत होते. कार्बोरेटरच्या झेनमध्ये एमपीएफआयचे ६० बीएचपीचे इंजिन बसवणे ही याच पर्यायाची पुढची पायरी. यात यांत्रिक काम थोडे असते, पण इंधनाची आणि विजेची सारी यंत्रणा बदलावी लागते.

दुसरा आणि सर्वांत लोकप्रिय पर्याय एस्टीमचे १.३ लिटर इंजिन, म्हणजे जी-१३बी. बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, क्षमता १२९८ सीसी. एस्टीम १९९४ साली आली, तेव्हा कार्बोरेटरवर ते सुमारे ६५ बीएचपी देत असे. पुढे १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय आल्यावर ८५ बीएचपी. याच घराण्यातले इंजिन जिप्सीतही होते. पण जिप्सीत ते लांबीच्या दिशेने बसते आणि मागच्या चाकांना गती देते, त्यामुळे तिचे गिअरबॉक्स आणि काही जोडभाग झेनच्या कामाचे नाहीत. एस्टीमचे इंजिन झेनप्रमाणेच आडवे बसवलेले असते. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्यामुळे गाडीचे नाक फारसे जड होत नाही. स्ट्रोक जी-१०बीपेक्षा साडेचौदा मिलिमीटरने जास्त असल्यामुळे कमी फेऱ्यांवरचा जोर वाढतो आणि शहरातल्या वाहतुकीत तो लगेच कळतो.

तिसरा पर्याय २००५ सालच्या पहिल्या स्विफ्टमधले १.३ लिटर पेट्रोल इंजिन. तेही जी-१३ घराण्यातलेच आहे आणि ८७ बीएचपी देते. एस्टीमच्या मानाने ही इंजिने नवी, म्हणून कमी झिजलेली मिळण्याची आशा असते. अडचण विजेच्या बाजूने येते. स्विफ्टमध्ये चावीतली चिप ओळखणारी इमोबिलायझर यंत्रणा आहे. इंजिनाबरोबर त्याच गाडीचा इसीयू (इंजिनाचा नियंत्रण संगणक), इमोबिलायझर आणि मूळ चावी असा पूर्ण संच मिळाला नाही, तर बसवलेले इंजिन सुरूच होत नाही.

चौथा पर्याय जुन्या बलेनोचे १.६ लिटर इंजिन, जी-१६बी. बोअर ७५, स्ट्रोक तब्बल ९० मिलिमीटर, क्षमता १५९० सीसी आणि शक्ती सुमारे ९४ बीएचपी. कागदावर हे सर्वांत मोहक दिसते. पण एवढ्या लांब स्ट्रोकमुळे ब्लॉक उंच आहे, आणि झेनचे बॉनेट ठेंगणे. इंजिन खाली उतरवावे तर ऑइल सम्प रस्त्याच्या जवळ येतो. वर ठेवावे तर बॉनेटला अडते. एस्टीमच्या इंजिनापेक्षा शक्ती जेमतेम नऊ बीएचपीने जास्त मिळते, आणि तेवढ्यासाठी काम मात्र दुप्पट होते. शिवाय बलेनो कमी विकली गेल्यामुळे तिचे सुटे भाग शोधणेही कठीण.

पाचवा पर्याय वॅगन आरचे १०६१ सीसीचे एफ-१०डी इंजिन. याचे कुळ थेट मारुती ८०० पर्यंत जाते. ८००च्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचे बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२ मिलिमीटर, क्षमता ७९६ सीसी. त्याच मापाचा आणखी एक सिलिंडर जोडला की १०६१ सीसी होतात. इंजिन भरवशाचे आहे आणि मुबलक मिळते. पण त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असून माउंटिंगची रचना वेगळी आहे, आणि झेनच्या एमपीएफआय इंजिनापेक्षा ते फार काही जास्त देत नाही. मारुती ८०० किंवा अल्टोच्या मालकाने याचा विचार करावा. झेनच्या मालकाला त्यात फायदा दिसत नाही.

अल्टो के-१०मधले ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन हा त्यामानाने अलीकडचा पर्याय. टायमिंग बेल्टऐवजी साखळी, कमी इंधनात सुमारे ६७ बीएचपी, असे त्याचे गुण आहेत. पण घराणे पूर्णपणे वेगळे आहे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गाडीच्या इतर भागांशी बांधलेली आहे. डिझेल इंजिनांचा विचार तर कमी बजेटमध्ये सोडूनच द्यावा. स्विफ्टच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाचा जोर मोहात पाडतो. पण त्याचे वजन, टर्बो, इंटरकूलर, उच्च दाबाची इंधनप्रणाली आणि आरसीवरचा इंधनप्रकार, सगळेच बदलावे लागते.

बसवण्याचे गणित

इंजिन जागेवर बसते की नाही, हे चार ठिकाणी ठरते. पहिले ठिकाण माउंटिंग. माउंटिंग इंजिनाचे वजन पेलतात आणि इंजिनाच्या झटक्यांना आवर घालतात. जुळवून घेतलेला कंस कच्चा असेल, तर आधी थरथर जाणवते आणि पुढे वेल्डिंग तुटते. दुसरे ठिकाण बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना मिळतात तो भाग. इथले बोल्ट, डॉवेल पिना, फ्लायव्हील आणि स्टार्टर यांचा मेळ बसायलाच हवा. तिसरे ठिकाण क्लच. क्लचप्लेटच्या मधल्या छिद्रातले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळले पाहिजेत आणि प्लेटचा व्यास फ्लायव्हीलशी. चौथे ठिकाण ड्राइव्हशाफ्ट. एस्टीमचा गिअरबॉक्स घेतला, तर आतल्या बाजूचा जॉइंट त्याचा आणि बाहेरच्या बाजूचा हबचा, असा मेळ घालावा लागतो. शाफ्टची लांबीही बरोबर यावी लागते. शाफ्ट आखूड पडला तर चाक खाली गेल्यावर जॉइंट सुटतो. लांब झाला तर खड्ड्यात गिअरबॉक्सवर दाब येतो.

गिअरबॉक्स कोणता ठेवायचा, हा प्रश्न वेगळा विचारात घ्यावा. लहान इंजिनाच्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर आखूड असते, म्हणजे गाडी हलवण्यासाठी इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. १४५/७० आर १३ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.६७ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला असे चाक मिनिटाला जवळपास ९९५ फेरे घेते. शेवटच्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ३.५ असेल तर इंजिन तेव्हा सुमारे ३,४८० फेऱ्यांवर असते. गुणोत्तर ३ असेल तर सुमारे २,९८५ वर. मोठे इंजिन आणि आखूड गिअर असा जोड असेल, तर गाडी सिग्नलवरून झेपावते. पण महामार्गावर ती ओरडत राहते आणि पेट्रोलही जास्त पिते. त्यामुळे शक्यतो इंजिन, गिअरबॉक्स, क्लच आणि शाफ्ट एकाच गाडीतून एकत्र घ्यावेत. सुट्या भागांची जमवाजमव सुरुवातीला स्वस्त वाटते, पण लेथवाल्याच्या प्रत्येक फेरीला खर्च वाढतो.

इंधन, वीज आणि थंडावा

कार्बोरेटरच्या गाडीत यांत्रिक पंप असतो आणि तो अगदी कमी दाबाने पेट्रोल पुरवतो. एमपीएफआयच्या इंजेक्टरांना साधारण अडीच ते तीन बार दाब लागतो. त्यासाठी विजेवर चालणारा पंप, दाब सहन करणाऱ्या नळ्या, वेगळा फिल्टर आणि बहुतेक वेळा टाकीत बदल करावे लागतात. जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवून दाब वाढवला, तर गळती होऊन आग लागू शकते. खर्च वाचवण्यासाठी या कामात कधीही हात आखडता घेऊ नये.

वायरिंगचा संच अखंड घेणे हा या कामातला सर्वांत मोलाचा सल्ला. इसीयूला हवेचा दाब, तापमान, थ्रॉटलची स्थिती, क्रँकची गती आणि धुरातला प्राणवायू अशी माहिती अनेक सेन्सर पुरवतात. भंगारवाला घाईत वायरी कापून इंजिन काढतो. मग कापलेल्या प्रत्येक वायरीचा माग काढण्यात इलेक्ट्रिशियनचे दिवस जातात, आणि दोष मात्र अधूनमधून उगवतात. इंजिन घेताना संच कापलेला नसेल आणि इसीयू त्याच इंजिनाचा असेल, तर थोडे जास्त पैसे मोजणेही परवडते.

रेडिएटरचा हिशेब सरळ आहे. जळणाऱ्या पेट्रोलमधून जेवढी शक्ती मिळते, त्याहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. हजार सीसीच्या इंजिनासाठी बनवलेला, त्यातून जुना आणि आतून क्षारांनी भरलेला रेडिएटर तेराशे सीसीच्या इंजिनाला पुरत नाही. ॲल्युमिनियमचे हेड तापले की वाकते, आणि हेड वाकले की गॅस्केट उडते. मोठा रेडिएटर, चालू पंखा आणि नवा थर्मोस्टॅट हे इंजिनाबरोबरच खरेदीच्या यादीत असायला हवेत.

ब्रेकचा विचार शक्तीइतकाच आवश्यक आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ८० वरून १०० वर गेला, तर थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. झेनच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि टायर अरुंद. निदान पुढच्या डिस्क आणि पॅड नवे घालावेत, ब्रेक ऑइल बदलावे, शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश तपासावेत आणि रुंद टायर घालताना ते चाकाच्या कमानीला घासत नाहीत ना, हे पाहावे.

खरेदी करताना

जुनी इंजिने भंगार बाजारात मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा, दिल्लीत मायापुरीचा आणि चेन्नईत पुदुपेट्टैचा बाजार यासाठी प्रसिद्ध आहे. मेरठचा सोतीगंज हाही एके काळी असाच मोठा बाजार होता. चोरीच्या गाड्या तिथे फोडल्या जात असल्यामुळे पोलिसांनी २०२१ साली तो बंद पाडला. हे उदाहरण खरेदीदाराने लक्षात ठेवावे. चोरीचा माल माहीत असून किंवा तसे मानण्यास सबळ कारण असूनही घेणे हा गुन्हा आहे.

म्हणून इंजिनावरचा क्रमांक आधी पाहावा. तो घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ते इंजिन घेऊ नये. विक्रेत्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेले बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिच्या कागदांची प्रत घ्यावी. चोरीला गेलेल्या गाड्यांची माहिती तपासण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही सोय आहे. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे अपघातात मागून ठोकर बसलेली संपूर्ण एस्टीम कागदांसह विकत घेणे. मग इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, इसीयू, रेडिएटर, पंप सारे एकाच ठिकाणी मिळते, इंजिन उतरवण्यापूर्वी ते चालवून पाहता येते आणि उरलेले भाग विकून थोडा खर्च परत मिळवता येतो.

सुटे इंजिन घेताना ऑइलचे झाकण उघडून आत पाहावे. दुधाळ थर असेल, तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याचा संशय घ्यावा. काळा चिकट गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेले नाही. क्रँक हाताने फिरवून ते अडत नाही ना, हे पाहावे. जमल्यास कॉम्प्रेशन मोजावे. आणि इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे सील आणि क्लच नवे घालावेत. गाडीत बसल्यावर हीच कामे करायला तिप्पट वेळ लागतो.

बजेटची मांडणी करताना इंजिन आणि गिअरबॉक्सचा संच, यांत्रिक जोडकाम, विजेचे आणि इंधनाचे काम, थंडावा आणि ब्रेक, कागदपत्रे आणि विमा असे पाच भाग करावेत. एकूण रकमेचा निदान चौथा हिस्सा राखून ठेवावा. कमी बजेटच्या इंजिनबदलातली बहुतेक अपुरी कामे पैसे पहिल्या दोन भागांतच संपल्यामुळे अर्धवट राहतात, आणि इंजिनाशिवायची झेन गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहते.

कायदा काय म्हणतो

भारतात इंजिनबदलाचा खरा अडसर कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली आणि निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मज्जाव केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ए मध्ये शिक्षेची तरतूद आली. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल, तर आरटीओची मान्यता घेऊन नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. बदलाची माहिती १४ दिवसांत द्यावी लागते. ९९३ सीसीच्या जागी १२९८ सीसीचे इंजिन आले, की आरसीवरची क्षमता आणि मूळ तपशील बदलतो, आणि अशी गाडी रस्त्यावर चालवणे कायद्यात बसत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना निरीक्षक चेसिस आणि इंजिनाचा क्रमांक पाहतो, तेव्हा हा फरक उघड होतो. अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणाने दावा नाकारू शकते, आणि दाव्याची रक्कम इंजिनबदलाच्या साऱ्या खर्चाहून कितीतरी मोठी असू शकते.

कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा आहे. अशा किटना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था चाचणी घेऊन मान्यता देतात. अशा किटचा खर्च जास्त असला, तरी हा बदल आरसीवर चढतो.

मोठ्या इंजिनाच्या झेनची योग्य जागा बंदिस्त ट्रॅकवर आहे. गाडी ट्रेलरवरून नेऊन ट्रॅकवर चालवली, तर ती रस्त्यावर आणण्याचा प्रश्न उरत नाही. मारुतीच्या इंजिनांना अशा वापराची परंपराही आहे. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चे इंजिन लावून एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या, आणि एलजीबी फॉर्म्युला ४ मालिकेतल्या गाड्यांना स्विफ्टचे १.३ लिटर इंजिन लाभले. स्पर्धेत उतरायचे असेल, तर मात्र आपल्या वर्गात कोणते बदल चालतात हे आधी नियमपुस्तिकेत पाहावे. उत्पादन स्थितीतल्या गाड्यांच्या वर्गात असा बदल बाद ठरतो.

निवडीचा निष्कर्ष

वापरावरून निवड सोपी होते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या झेनसाठी मूळ इंजिनाची चोख दुरुस्ती हा पहिला पर्याय. ते दुरुस्तीपलीकडे गेले असेल, तर आपल्या आरसीशी जुळणारे दुसरे जी-१०बी इंजिन बिलासह घेऊन आरटीओच्या मान्यतेने बसवावे. निव्वळ ट्रॅकसाठी गाडी तयार करायची असेल, तर एस्टीमचे १६ व्हॉल्व्हचे १.३ लिटर इंजिन गिअरबॉक्स आणि वायरिंगसह घेणे हा पैशांच्या मानाने सर्वांत फायद्याचा सौदा आहे. इसीयू, चावी आणि इमोबिलायझर यांचा पूर्ण संच मिळत असेल, तर स्विफ्टचे इंजिन त्याच्या बरोबरीला येते. बलेनोचे १.६ लिटर इंजिन, डिझेल आणि परक्या घराण्यांची इंजिने हे पुरेसा पैसा आणि स्वतःचे वर्कशॉप असणाऱ्यांचे काम आहे. बजेट बेताचे असेल, तर ब्रेक आणि रेडिएटर यांचे पैसे बाजूला काढल्यावर जे इंजिन परवडते, तेवढेच इंजिन घ्यावे.